थंडीतली पाल

दिल्लीच्या थंडीत पाल चुकचुकत नाही. दिवाळी सरली की ती ट्यूबलाइटच्या पट्टीमागे नाहीतर खिडकीच्या फटीत जी गडप होते, ती होळीलाच तोंड दाखवते. दिल्लीत राहिलेल्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असतं. चंद्रप्रभाबाईंना ठाऊक नव्हतं, कारण ही त्यांची इथली पहिलीच थंडी होती.

म्हणून त्या दुपारी, किदवई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मेथी निवडत बसल्या असताना पाठीमागे चुकचुक ऐकू आली, तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. आईने शिकवलं होतं तसं त्यांनी फरशीवर बोटांनी टकटक केलं आणि ‘कृष्ण कृष्ण’ म्हणाल्या. पाल पुन्हा चुकचुकली. त्यांनी पुन्हा देवाचं नाव घेतलं. आता पाल म्हणजे काही रोजंदारीवर लावलेली बाई नव्हे. एकदा बोलते, दोनदा बोलते आणि गप्प बसते. ही मात्र थांबायचं नाव घेईना. एका लयीत, न दमता, चुक, चुक, चुक.

जुडी बाजूला ठेवून त्या उठल्या. कॅलेंडर उचलून पाहिलं, देव्हाऱ्यामागे वाकून पाहिलं. आवाज आतल्या खोलीतून येत होता. त्यांनी पडदा सारला, तर पलंगावर त्यांची सून लतिका भिंतीकडे तोंड करून पडली होती. शाळेतून लवकर येऊन मागच्या दाराने आत आली असावी. भिंती पांढऱ्या स्वच्छ होत्या. आवाज भिंतीवरून नाही, पलंगावरून येत होता.

लतिकाने कूस बदलली, सासूला दारात पाहिलं आणि हसली. “काय हो आई, काही हवंय?”

तिने हसून विचारलं खरं, पण त्याच क्षणी त्या आवाजाने वेग घेतला. चुकचुकचुकचुक. चंद्रप्रभाबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. “काही नाही गं,” म्हणत त्या मागच्या मागे स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उगाचच भांडी घासत बसल्या.

संध्याकाळी जयंत ऑफिसातून आला तेव्हा त्यांनी त्याला बाल्कनीत गाठलं. जयंत हा त्यांचा एकुलता एक मुलगा, उद्योग भवनात सेक्शन ऑफिसर. तो ऐकून हसलाच. “अगं आई, पाल कसली! थंडीत इथे पाली नसतात. तो तिचा वॉल्व्ह आहे. मी लिहिलं नव्हतं का तुला?”

लिहिलं होतं. लतिकाला लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते. सांधे बरे झाले, पण तो ताप जाता जाता काळजाची एक झडप आखडवून गेला. लग्नानंतर जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा हे कळलं, आणि इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात छाती उघडून ती झडप काढून धातूची बसवली. तेव्हा चंद्रप्रभाबाईंचे यजमान कराडला अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे त्या येऊ शकल्या नव्हत्या. ‘ऑपरेशन बिल्कुल सक्सेसफुल’ असं पत्रात होतं. ती झडप वाजते, हे मात्र पत्रात नव्हतं.

“प्रत्येक ठोक्याला उघडते आणि मिटते ना, त्याचा आवाज,” जयंत म्हणाला. “आम्हाला तर आता ऐकूच येत नाही यार. सवय झाली.”

यजमान गेल्यावर चंद्रप्रभाबाई चैत्रात दिल्लीला आल्या, तेव्हापासून पंखे सुरू होते. मग कूलर आला. तो असा घोंघावायचा की हाक मारली तरी ऐकू येऊ नये. दिवाळीनंतर ते सगळं बंद झालं, दारं-खिडक्या लागल्या, आणि इतके महिने घरात असलेला आवाज त्यांना पहिल्यांदा ऐकू आला. हे सगळं त्यांना पटलं. डोक्याला पटलं, हो; अंगावरचा काटा काही डोक्याला विचारून उभा राहत नाही.

त्या दिवसापासून त्यांचे कान त्यांचे राहिले नाहीत. लतिका न्हाणीघरात आहे की गच्चीच्या जिन्यात, हे त्यांना न पाहता कळे. ती आवाज बरोबर घेऊन यायची आणि बरोबर घेऊन जायची. कातरवेळी देवापुढे दिवा लावताना पाठीमागे तो आवाज येऊन उभा राहिला की चंद्रप्रभाबाईंच्या हातातली काडी हटकून विझायची. वळून पाहावं तर साधी, सावळी, शालीत गुरफटलेली लतिका. “मी लावू का आई?” म्हणणारी.

वाईट हे की तो आवाज खोटं बोलत नसे. नवरा घरी आला की तो संथ होई. पहाडगंजच्या मराठी शाळेत लतिका शिकवायची. वर्गात काही वाकडं घडलं असलं की तोंडाने “छान होता दिवस” म्हणे, आणि आवाज वेगळंच सांगे. आणि चंद्रप्रभाबाई स्वयंपाकघरात शिरल्या की दर वेळी, अगदी दर वेळी, तो धावायला लागे. तोंड हसतंय, हात कणीक मळताहेत आणि छातीत कुणीतरी पळतंय. सुनेचं आपल्याविषयी खरं मत काय, हे कुठल्याही सासूला पक्कं कळत नाही. ते बरंच असतं, त्यावर तर घरं चालतात. चंद्रप्रभाबाईंना मात्र ते उठता-बसता ऐकावं लागत होतं. आपण काय हिला कधी टाकून बोललो? कधी हिच्या माहेरचं काढलं? नाही. तरी ही आपल्याला भिते. त्यांना वाईट वाटे, आणि वाईट वाटून वाटून शेवटी राग येई.

एक विचार तर त्यांना नको नको म्हणताना छळू लागला. माणूस गेलं की काळीज थांबतं. पण हे तर काळीज नव्हे, धातू. उद्या पोरीचं काही बरं-वाईट झालं, तर हे थांबेल का? की ती गार पडल्यावरही आत वाजत राहील? हे कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर जयंत हसला असता, आणि तोंडातून असं अभद्र काढल्याबद्दल त्यांनीच स्वतःला थोबाडीत मारून घेतली असती.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी त्यांनी घट मांडला, पाच पानं, पाच फळं, सगळं यथासांग. कहाणी वाचायला लतिका शेजारी बसली. चंद्रप्रभाबाई हात जोडून डोळे मिटू गेल्या, तर कानाशी चुक, चुक, चुक. देवीचं रूप काही डोळ्यांपुढे येईना. तेव्हा त्या मनातल्या मनात देवीला बोलल्या, “आई, एवढा हा आवाज थांबव. खणा-नारळाने तुझी ओटी भरीन.”

एवढंच मागितलं त्यांनी. पोरीचं वाईट व्हावं असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण देवाशी बोलताना माणसाने पुढचं-मागचं सगळं नीट बोलून घ्यावं, ही अक्कल नंतर येते.

त्याच सुमाराला लतिका पांढरी फटक दिसायला लागली. कॉलनीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की रक्त कमी आहे. आता रक्त कमी असलं तर काय करायचं, हे चंद्रप्रभाबाईंना डॉक्टरने शिकवायची गरज नव्हती. आणि दिल्लीची थंडी म्हणजे पालेभाजीची नुसती लयलूट. हातगाडीवर मेथी, पालक, मोहरीचा पाला यांचे ढीग. एका गाडीवर तर चाकवत दिसला, आणि परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसा त्यांना आनंद झाला.

“आई, याला बथुआ म्हणतात ना?” लतिकाने विचारलं. ती दिल्लीतच वाढलेली. चाकवत हा शब्द तिने ऐकला नव्हता.

“बथुआ म्हण नाहीतर आणखी काही म्हण. खा आणि लाल हो.”

जयंतने हटकलं. “आई, पालेभाजी बेतानंच हं. तिला रक्त पातळ ठेवायची गोळी आहे ना, त्या झडपेसाठी. पालेभाजी वाढली की गोळी चालत नाही म्हणे.”

चंद्रप्रभाबाईंनी मान डोलावली आणि मनात म्हणाल्या, एक डॉक्टर म्हणतो रक्त नाही, दुसरा म्हणतो रक्त वाढवू नका; दोघांच्या भांडणात पोरगी मरायची. मग त्यांनी जे आयाबाया करत आल्या तेच केलं. पाला दिसू दिला नाही. पालक शिजवून, घोटून डाळीत. मेथी थालीपिठात. चाकवत ताकात आटवून कढी म्हणून. मोहरीचा पाला वाटून पराठ्याच्या कणकेत. जयंत खायचा आणि त्याला काही कळायचं नाही. ऑफिसातल्या फायली वाचणाऱ्या माणसाला ताटातलं काही वाचता येत नाही. लतिका मात्र मागून घ्यायची. “आई, अजून आहे का ती डाळ?” चंद्रप्रभाबाईंचा जीव हरखून जाई.

आणि गुण आला. पोरीच्या गालावर रंग चढला. त्याबरोबर दुसरंही काही झालं, ते इतकं हळू की चंद्रप्रभाबाईंना आधी खरं वाटेना. आवाज मंदावत होता.

आधी तो नुसता बोथट झाला. मग फडक्यात गुंडाळल्यासारखा आला. एके संध्याकाळी दिवा लावून त्या वळल्या तर लतिका पाठीमागे उभी, आणि त्यांना तिची चाहूलच लागली नव्हती. त्या दचकल्या. मग हसल्या. लतिकाही हसली, आणि त्या हसण्याखाली काहीही धावत नव्हतं.

त्या पंधरवड्याइतकं सुख त्या घरात आधी झालं नव्हतं. दोघी स्वयंपाकघरात शेजारी बसून तीळ निवडायच्या. लतिका शाळेतल्या गमती सांगायची, मुलांच्या नकला करायची. आपल्या सुनेला नकला येतात हेच चंद्रप्रभाबाईंना ठाऊक नव्हतं. आता ही आपल्याला भीत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. कारण ऐकू काही येत नव्हतं, आणि जे ऐकू येत नाही ते नसतं, असं मानायला माणूस नेहमी तयार असतो. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी हिरवा खण आणला, नारळ आणला आणि देवीची ओटी भरून नवस फेडून टाकला. लतिकाने विचारलं, “हे कशाबद्दल आई?” त्या म्हणाल्या, “अशीच. घरात शांतता आहे म्हणून.” लतिका क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग तिने वाकून देवीला नमस्कार केला.

खोकला तेव्हापासूनच होता. धुक्यात सगळी दिल्ली खोकते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. भोगीच्या दिवशी लतिका पलंगावर उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपलेली दिसली. आडवं पडलं की गुदमरतं, म्हणाली. चंद्रप्रभाबाईंनी तिच्या छातीला तेल चोळलं. चोळताना तळहाताखाली काही टकटकेल म्हणून त्यांनी श्वास रोखला होता. काही टकटकलं नाही. त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पानिपतला जायचं होतं. दिल्लीतलं मराठी मंडळ दर वर्षी संक्रांतीला काला अंबला, तिथल्या लढाईच्या स्मारकाला, बस काढायचं. पहाटे कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सदनासमोर बस उभी होती, आणि मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब, सत्तरीचे, फेटा बांधून पुढच्या सीटवर बसले होते. ड्रायव्हरला घाई करायला सांगून स्वतःच चहासाठी उतरणारे. धुकं इतकं की बसच्या पुढच्या काचेपलीकडे दूध सांडल्यासारखं दिसत होतं. लतिका खिडकीशी बसली. पराठे खाल्ले नाहीत. कर्नाल रोड मागे पडत होता की आपण एका जागी उभे आहोत, हेही कळत नव्हतं.

काला अंबला पोचले तेव्हा सूर्य वर आला असावा, पण दिसला नाही. तो स्तंभ, त्याभोवतीचं लोखंडी कुंपण, पलीकडे कुठेतरी मोहरीची शेतं. सगळं अर्धं होतं आणि अर्धं नव्हतं. फुलं वाहून झाली. भाऊसाहेबांनी फेटा सावरून सांगितलं, “दोन मिनिटं मौन.” माणसं जिथल्या तिथे थांबली. बांगड्या वाजायच्या थांबल्या, पोरं गप्प झाली.

असली शांतता चंद्रप्रभाबाईंनी आयुष्यात ऐकली नव्हती. एवढी माणसं आणि एक आवाज नाही. धुक्यात डोकी तेवढी दिसत होती. आपल्या भोवती जिवंत माणसं उभी आहेत की या मैदानातली ती जुनी, हे सांगता आलं नसतं. त्या नकळत कान देऊन उभ्या राहिल्या. लतिका त्यांना खेटून उभी होती, शालीला शाल लागलेली. गेल्या महिन्यात शाळेच्या कार्यक्रमात अशाच मौनात सगळं सभागृह मान वळवून हिच्याकडे बघायला लागलं होतं. आज एकही मान वळली नाही.

आणि तेव्हा, सगळ्यांना पुरून उरलेल्या त्या शांततेत, चंद्रप्रभाबाईंना पहिल्यांदा समजलं की आपण कशाची वाट बघतोय. त्या तो आवाज यायची वाट बघत होत्या. तो येत नव्हता.

मौन संपायच्या आत लतिका खाली बसली. खोकल्याची उबळ आली, तोंडावर धरलेल्या रुमालावर गुलाबीसर फेस आला. ओठ निळे पडले होते. “काही नाही, काही नाही,” ती म्हणत होती, पण मध्ये श्वास घ्यावा लागत होता. चंद्रप्रभाबाई सगळ्या मंडळासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि शाल सारून त्यांनी सुनेच्या छातीला कान लावला. आत चुकचुक नव्हती. ओल्या गादीवर मूठ मारावी तसं काहीतरी जड, बद्द, घाईघाईत चाललं होतं. आणि त्याखाली पाण्यासारखी बुडबुड.

“जयंत, गाडी बघ,” त्या म्हणाल्या. “आत्ता.”

“थंडी बाधली असेल वहिनी,” भाऊसाहेब म्हणाले. “आल्याचा चहा देऊ, दोन भाषणं आटोपली की निघूच या आपण.”

“भाऊसाहेब, इथे पडलेले सव्वादोनशे वर्षं थांबलेत. आणखी थोडं थांबतील. ही थांबायची नाही.”

भाऊसाहेब एकदम पुढे झाले. त्यांचे एक पानिपतचे परिचित मोटार घेऊन आले होते. भाऊसाहेबांनी त्यांना जवळजवळ ढकलतच गाडीशी नेलं. बोलघेवडा माणूस, पण वेळ आली तेव्हा नडला नाही, एवढं माप त्यांच्या पदरात घातलंच पाहिजे.

त्या प्रवासाविषयी चंद्रप्रभाबाई पुढे कधी कुणाशी बोलल्या नाहीत. ड्रायव्हर काचेबाहेर डोकं काढून रस्ता शोधत होता. समोरून ट्रकचे दिवे अचानक उगवत आणि बाजूने निघून जात. लतिकाला आडवं करता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तिला बसतीच छातीशी धरलं होतं, आणि त्यांचा कान तिच्या पाठीला लागलेला. ज्या आवाजाने त्यांना महिनाभर जगू दिलं नाही, तो त्या आता शोधत होत्या. वाज गं बाई, वाज. देवीला त्या म्हणाल्या, “मी चुकले. तुझं तू परत घे आणि आमचं आम्हाला दे.” पण ओटी भरून झाली होती. नवस कसा बोलायचा आणि कसा फेडायचा, हे त्यांना आईने शिकवलं होतं. फेडलेला नवस परत कसा घ्यायचा, हे कुणी शिकवलं नव्हतं.

दिल्लीच्या त्याच मोठ्या हॉस्पिटलात एक किरकोळ बांध्याची डॉक्टरीणबाई आली. तिने नळी छातीला लावली आणि तिचा चेहरा बदलला. धावाधाव झाली. ऑक्सिजन लावता लावता तिने विचारलं, “दवाई छूटी थी? खाने-पीने में कुछ बदला?”

“नहीं, बिल्कुल नहीं,” जयंत म्हणाला. “सब वैसा ही है.”

चंद्रप्रभाबाई भिंतीशी उभ्या होत्या. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कधी कळलं नसतं. मुलाच्या डोळ्यांत आपण कायमच्या कोण होऊ, हेही त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्या पुढे झाल्या. “मैंने खिलाया,” त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. “पाला. साग. रोज. डाल में, रोटी में, छुपाके. इसको खून नहीं था, इसलिए.”

जयंत त्यांच्याकडे पाहतच राहिला. डॉक्टरीणबाई रागावली नाही. रागवायला तिला वेळ नव्हता. “कितने दिन से? अच्छा किया बता दिया,” म्हणत ती पडद्यामागे गेली. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन तिने दोघांना बसवलं आणि समजावलं. धातूच्या झडपेवर रक्त साकळायला बघतं. साकळू नये म्हणून ती गोळी. पालेभाजीत असं सत्त्व असतं की ते गोळीचा जोर मारतं. रोज थोडी, ठरलेली खाल्ली असती तर गोळी त्या हिशेबाने बसवली असती. एकदम वाढली आणि दर महिन्याची रक्ताची तपासणी झाली नाही, म्हणून गुठळी धरली. झडपेची पाकळी अडकली, रक्त मागे तुंबलं, फुप्फुसात पाणी भरलं. रक्त कमी होतं हेही खरं, पण त्यावर लोहाच्या गोळ्या देता आल्या असत्या. आता गुठळी विरघळवायचं औषध शिरेतून चाललंय. विरघळली तर ठीक, नाहीतर पुन्हा छाती उघडावी लागेल.

“पर जाँच तो...” जयंत चाचरला. “पिछले महीने वो आई थी. मुझसे कहा रिपोर्ट ठीक है.”

“पिछले महीने वो नहीं आई,” डॉक्टरीणबाई म्हणाली. आणि उठता उठता थबकून बोलली, “एक बात समझ में नहीं आती. टिक-टिक मंद पड़े तो उसी वक़्त दौड़कर आना है, ये हम हर मरीज़ को पहले दिन सिखाते हैं. इनको मैंने ख़ुद सिखाया था.”

जयंतला त्याचा अर्थ लागला नाही. तो बापडा कित्येक वर्षांत तो आवाज ऐकतच नव्हता. चंद्रप्रभाबाईंना लागला.

औषध लागू पडलं. छाती उघडावी लागली नाही. दोन दिवसांनी दुपारच्या वेळी त्यांना एकटीला आत सोडलं. वॉर्डात खिडकीतून फिकट ऊन आलं होतं. दारातच त्यांना ऐकू आलं. बारीक, स्पष्ट, कोरडं. चुक, चुक, चुक. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

“रडू नका आई,” लतिका म्हणाली. तिचा स्वर खोल गेला होता. “तुमचं काही चुकलं नाही. डाळीत पालक असायचा हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“मग खाल्लास कशाला?”

“आवाज कमी झाला ना त्याने.” ती छताकडे पाहत होती. “सगळ्यांच्या आधी मलाच कळलं ते. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तेही आठवत होतं. पण आई, वर्गात पेपर चालू असताना पोरं पेन खाली ठेवून माझ्याकडे बघायची. घड्याळबाई म्हणतात मला. आणि घरी... मला राग आला, भीती वाटली, काहीही झालं की आधी ते बोंब मारणार. माझ्या मनातलं माझ्यापाशी राहायचंच नाही. ते पंधरा दिवस राहिलं. मरायचं नव्हतं हो मला. रोज म्हणायचे, उद्या सांगते. फक्त आजचा दिवस शांत जाऊ दे.”

चंद्रप्रभाबाईंना पदराचा बोळा तोंडात कोंबावासा वाटला. ओटी भरताना वाकून नमस्कार करणारी ही पोर त्यांना आठवली. “मीही देवीकडे तेच मागितलं होतं,” त्या कशाबशा म्हणाल्या. “हा आवाज थांबव म्हणून. नवस बोलले होते.”

लतिकाने मान वळवली. त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, रागाने नाही. “म्हणजे दोघींनी एकच मागितलं,” ती म्हणाली.

चंद्रप्रभाबाई स्टूल ओढून पलंगाशी बसल्या, तिच्या हाताला हात लागेल इतक्या जवळ. त्या बसल्या मात्र आणि आवाजाने वेग घेतला. चुकचुकचुकचुक. पहिल्या दिवशीसारखाच. शेजारच्या खाटेवरच्या बाईनेही मान वर करून पाहिलं. लतिकाने डोळे मिटून घेतले. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“ऐकू येतंय ना तुम्हाला?” तिने विचारलं.

“येतंय.”

“काय सांगतंय?”

ते काय सांगत होतं, हे चंद्रप्रभाबाईंइतकं या जगात कुणाला कळत नव्हतं. ते सांगत होतं की ही अजूनही तुला भिते. त्यांनी सुनेचा हात हातात घेतला. तो घामेजला होता.

“मला नाही बाई त्यातलं काही कळत,” त्या म्हणाल्या. “वाजतंय, एवढं पुरे.”